पंखाच्या मुळाशी घातलेली तार

टेबलावर खेळल्या जाणाऱ्या हवाई युद्धखेळांसाठी धातूची छोटी विमाने जोडणे हा माझा जुना छंद आहे. कोल्हापुरात या वाटेला नव्याने येणारा जवळजवळ प्रत्येक जण पहिला प्रश्न एकच विचारतो, तो म्हणजे चांगला गोंद कोणता. मी उत्तर देतो, पण त्याआधी हातातले सुटे भाग उजेडात धरून नीट पाहायला सांगतो. कारण धातूचे विमान टिकेल की नाही हे गोंदावर फार थोडे ठरते आणि ते ओतले कसे गेले आहे, त्याचे वजन कुठे आहे, जोडावर जोर कोणत्या बाजूने येणार आहे, यांवर बरेचसे ठरते. शिरोलीच्या एमआयडीसीत कास्टिंगच्या तपासणीचे काम करणाऱ्या माणसाने असे म्हणावे यात नवल नाही, हे मला मान्य आहे. तरीही प्लास्टिकच्या किटची सवय असलेल्या हौशी मंडळींनी धातूचे किट हाती घेताना ही दृष्टी बदलावी, असे माझे ठाम मत आहे.

ही विमाने मुख्यतः ब्रिटन आणि अमेरिकेतील लहान कारखान्यांत ओतली जातात. १/१४४, १/३०० (किंवा त्याला जवळचे १/२८५) आणि १/६०० ही त्यांतली प्रचलित प्रमाणे. भारतीय हवाई दलाच्या नॅट विमानाच्या पंखांचा विस्तार प्रत्यक्षात सुमारे ६.७ मीटर होता. १/१४४ प्रमाणात तो ४७ मिलिमीटर भरतो आणि १/३०० प्रमाणात जेमतेम २२ मिलिमीटर. कॅनबेरा बॉम्बरचा विस्तार १९.५ मीटर, म्हणजे १/१४४ प्रमाणात १३५ मिलिमीटर. आमच्या टेबलावर बहुधा १९६५ आणि १९७१ च्या लढाया मांडल्या जातात. त्यातही २२ नोव्हेंबर १९७१ ची, पूर्व पाकिस्तानच्या सीमेजवळच्या बोयऱ्याची चकमक आमच्या विशेष आवडीची आहे, कारण तिच्यात दोन्ही बाजूंना मोजकीच विमाने होती आणि आपले नॅट व पाकिस्तानचे सेबर यांच्या स्वभावातला फरक खेळताना लगेच जाणवतो.

शोकेसमध्ये ठेवलेल्या मॉडेलला कोणी हात लावत नाही. खेळातले विमान मात्र प्रत्येक फेरीत उचलले जाते, वळवले जाते, फासे आणि चहाचे कप यांच्यामधून पुढे सरकवले जाते, आणि ते उचलणारा हात दर वेळी ज्याने ते जोडले त्याचाच असतो असे नाही. लोक विमान हमखास पंखाला धरून उचलतात. कितीही सांगितले तरी यात फरक पडत नाही, त्यामुळे जोडणी करतानाच ते पंखाला धरून उचलले जाणार हे गृहीत धरावे. शिवाय धातू जड असतो. प्लास्टिकच्या किटमधील पॉलिस्टायरीनची घनता पाण्याहून किंचित जास्त, तर कथलाची पाण्याच्या सव्वासातपट आणि शिशाची अकरापटीहून अधिक असते. प्लास्टिकचा जो जोड गोंदाच्या एका थेंबावर आयुष्य काढतो, तोच जोड त्याच आकाराच्या धातूच्या विमानात पहिल्याच आपटण्याला दगा देतो.

आता ओतकामाकडे वळतो. ही विमाने ज्या पद्धतीने तयार होतात तिला स्पिन कास्टिंग म्हणतात. रबराच्या दोन जाड चकत्यांमध्ये साचा घडवलेला असतो. त्या एकमेकींवर घट्ट दाबून यंत्रावर गरगर फिरवल्या जातात आणि मधल्या भोकातून ओतलेला धातू बाहेरच्या दिशेने फेकला जाऊन पोकळ्यांत शिरतो. धातू म्हणजे कथील, शिसे, अँटिमनी आणि कधी बिस्मथ यांचे मिश्रण. शिसे टाळायचे असेल तर कथलाचे प्रमाण नव्वद टक्क्यांच्या वर न्यावे लागते आणि किंमतही तशीच चढते. शुद्ध कथील २३२ अंश सेल्सिअसला वितळते, शिसे ३२७ अंशांना, तर दोहोंचे योग्य मिश्रण १८३ अंशांनाच पातळ होते. आमच्याकडे भट्टीतून निघणारे बीड, म्हणजे ओतीव लोखंड, सुमारे १४०० अंशांचे असते आणि साचा वाळूचा असतो, त्यामुळे वरवर पाहता या दोन कामांत काहीच साम्य दिसत नाही. परंतु फाउंड्रीत काम केलेल्या माणसाने यातला एखादा पंख हातात घेतला, तर त्याला सगळे दोष ओळखीचे निघतात: साच्याच्या दोन अर्धुकांत मिसमॅच, पार्टिंग लाइनवर, म्हणजे ही अर्धुके जेथे मिळतात त्या रेषेवर, आलेली पातळ झिल्ली, पंखाच्या टोकाशी धातू न पोचल्यामुळे राहिलेला खोडका आणि आत अडकलेल्या हवेची पिनहोल.

यांपैकी बहुतेक दोष कानशीने किंवा पुटीने झाकता येतात. ज्याला मी खरोखर बिचकतो तो दोष म्हणजे कोल्ड शट. पोकळीत दोन वाटांनी शिरलेले धातूचे प्रवाह समोरासमोर येईपर्यंत थंडावले असतील तर ते एकजीव होत नाहीत, नुसते एकमेकांना टेकून गोठतात. वरून फक्त एक बारीक रेघ दिसते, पण तेथे धातू सलग नसतो आणि पंख पुढे कधीतरी त्याच रेषेवर मोडतो. विमानाच्या पंखावर पत्र्यांच्या सांध्यांच्या कोरीव रेघा मुळातच असतात, त्यामुळे ही रेघ त्यांच्यात सहज लपते. ती ओळखण्याच्या दोन खुणा आहेत. कोरीव रेघ सरळ असते आणि तिच्या कडा धारदार असतात. कोल्ड शटची रेघ नागमोडी जाते आणि तिच्या कडा गोलसर, आत वळल्यासारख्या असतात. शंका असेल तर पंखावर पातळ केलेली काळी शाई लावून दोन मिनिटे थांबावे, कोरड्या फडक्याने पुसून घ्यावी आणि टॉर्चचा उजेड आडवा टाकून पाहावे. खोलवर गेलेल्या फटीतून शाई पुन्हा हळूहळू वर येते. कारखान्यात आम्ही डाय पेनिट्रंट नावाची जी चाचणी करतो तिचेच हे घरगुती रूप आहे.

अशी रेघ पंखाच्या टोकाशी असेल तर मी दुर्लक्ष करतो. ती मुळापासून पहिल्या एक तृतीयांश भागात असेल, तर पंखाच्या खालच्या अंगाला रेघेला आडवी अशी अर्धा मिलिमीटर खोल खाच कानशीच्या कडेने पाडतो, तिच्यात पितळी तारेचा तुकडा बसवतो आणि वरून एपॉक्सी गोंद भरून सपाट घासतो. रंग लागल्यावर हे टाके कोणाला दिसत नाहीत.

फेटलिंगचे काम, म्हणजे झिल्ली, गेटचे (धातू साच्यात शिरण्याच्या वाटेचे) बुंधे आणि पार्टिंग लाइन काढण्याचे काम, मी मुद्दाम सावकाश करतो. धातू मऊ असल्यामुळे मोठी कानस दाते भरून बसते. तिच्या दातांवर आधी खडू घासला तर कीस अडकत नाही. पार्सलमधून वाकून आलेले पंख हातानेच सरळ होतात, फक्त एका झटक्यात नव्हे, तर मुळापासून टोकाकडे अंगठा सरकवत, थोडे थोडे दाबत. कथील जास्त असलेला पंख वाकवताना कानाजवळ धरला तर आतून बारीक करकर ऐकू येते. हा आवाज धातूच्या स्फटिकांची रचना बदलताना होतो आणि त्यात घाबरण्यासारखे काही नाही. शिसे जास्त असेल तर धातू मुकाट्याने वाकतो. अँटिमनी जास्त असलेला धातू मात्र कडक आणि ठिसूळ असतो. तो वाकायला फार विरोध करू लागला तर हट्ट सोडावा आणि तेवढा बाक खपवून घ्यावा.

शिशाबद्दल एक सूचना येथेच देणे आवश्यक आहे. जुन्या किटमध्ये शिसे असतेच असे समजून चालावे. कीस उडू नये म्हणून भाग ओला करून घासावा, कामाच्या टेबलावर काही खाऊ नये, हात साबणाने धुवावेत, आणि घरात लहान मूल असेल तर कीस टिपलेला ओला कागद त्याच दिवशी बाहेर टाकावा. स्वयंपाकघरातील भांडे या कामात कधीही वापरू नये.

मजबुतीचा विचार करताना एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. खरे विमान उडत असते तेव्हा उचल पंखांवर निर्माण होते आणि धड पंखांच्या आधाराने तोलले जाते, त्यामुळे पंख वरच्या बाजूला वाकतात. आपल्या टेबलावर नेमके याच्या उलट घडते. धड स्टँडच्या काठीवर टेकलेले असते आणि पंख दोन्ही बाजूंना त्याच्या जिवावर लोंबत असतात, म्हणजे जोडाची वरची कड ताणली जाते व खालची दाबली जाते. सैल होऊ लागलेल्या पंखाची फट आधी वरून दिसते ती यामुळेच. पंखाची जाडी परवानगी देत असेल तेथे तार मध्यावर न घालता किंचित वरच्या अंगाला घालावी, असे मी म्हणतो ते याच कारणाने.

अर्थात, स्वतःच्या वजनाने पंख क्वचितच निखळतो. तो निखळतो धक्क्याने. पंखाचे टोक जोडापासून ४० मिलिमीटर दूर असेल आणि जोडाची उंची २ मिलिमीटर असेल, तर टोकाला दिलेला लहानसा दाब जोडाच्या कडेवर सुमारे वीसपट होऊन पोचतो. मापाचाही हिशेब आहे. त्याच आकाराचे विमान दुप्पट लांबीचे केले की वजन आठपट होते, पण जोडाचे क्षेत्रफळ चौपटच वाढते, आणि वजन जोडापासून दुप्पट अंतरावर जाते. त्यामुळे १/३०० च्या नॅटला जो उपाय पुरतो तो १/१४४ च्या कॅनबेराला पुरत नाही. कॅनबेराची अडचण आणखी वेगळी आहे: त्याची दोन्ही इंजिने पंखांतच बसवलेली आहेत, आणि मॉडेलमध्ये इंजिनांचे ते फुगवटे भरीव ओतलेले असल्यामुळे बरेचसे वजन जोडापासून दूर जाऊन बसते. १/३०० मधील बहुतेक लढाऊ विमाने धड आणि पंख मिळून एकाच ओतकामात येतात. तेथे शेपटीचे भाग चिकटवणे एवढेच काम उरते, आणि त्यासाठी तारांचा घाट घालणे हा हौसेचा अतिरेक आहे.

आता गोंद. फेवीक्विकसारखा झटपट गोंद म्हणजे सायनोॲक्रिलेट. तो हवेतल्या आणि पृष्ठभागावरच्या ओलाव्यामुळे घट्ट होतो. दोन भाग एकमेकांना तंतोतंत टेकत असतील आणि गोंदाचा थर पातळ असेल, तर सरळ ओढ तो चांगली सहन करतो. पण तो ठिसूळ असतो. आपटणे आणि एका कडेपासून सोलत जाणारा जोर या दोन गोष्टी त्याला झेपत नाहीत, आणि पंखाच्या टोकाला धक्का बसला की जोडावर नेमका हाच सोलणारा जोर येतो. फट भरण्याचे कामही तो नीट करत नाही. दोन ट्यूबांचा एपॉक्सी, म्हणजे अराल्डाइटच्या जातीचा गोंद, हा सावकाश घट्ट होतो, फट भरून काढतो आणि धक्का बराच पचवतो. पाच मिनिटांत घट्ट होणारा प्रकार शेपटीला ठीक आहे. पंखांसाठी मी रात्रभर वाळणाराच वापरतो आणि पूर्ण चोवीस तास विमानाला हात लावत नाही. एपॉक्सी ओला असेपर्यंत पंख जागचा हलू नये म्हणून जोडाच्या एका कोपऱ्यात झटपट गोंदाचा टिपका द्यावा. तो तेवढ्यापुरती पकड धरतो आणि खरे काम एपॉक्सी करतो. जोडाचे दोन्ही पृष्ठभाग आधी साबणाने धुऊन, वाळवून, सुईच्या टोकाने आडव्या-उभ्या चरा पाडून खडबडीत करावेत. गुळगुळीत चकचकीत धातूवर कोणताच गोंद मनापासून बसत नाही.

डाग देऊन जोडावे का, असेही विचारले जाते. रेल्वेची धातूची मॉडेल करणारी मंडळी सुमारे ७० अंशांना वितळणारे खास सोल्डर वापरतात आणि ते उत्तम काम करते. आपल्या रेडिओ दुरुस्तीच्या दुकानातले नेहमीचे सोल्डर १८३ अंशांच्या वर पातळ होते, म्हणजे ते वितळेपर्यंत पंखही वितळण्याच्या बेतात आलेला असतो. खास सोल्डर आणि तापमान आवरता येणारी सोल्डरची इस्त्री हाताशी नसेल तर या वाटेला जाऊ नये.

उरते ती तार, आणि माझ्या दृष्टीने सगळ्या जोडणीचा कणा तीच आहे. पंखाच्या मुळात आणि धडात समोरासमोर भोके पाडून त्यांत तारेचा तुकडा बसवला की वाकवणारा जोर गोंदाच्या पापुद्र्यावर न येता तारेवर येतो, आणि गोंदाकडे तार जागेवर धरून ठेवण्याचे सोपे काम राहते. अवघड भाग आहे तो भोक पाडण्याचा. १/१४४ च्या लढाऊ विमानाच्या पंखाचे मूळ दीड मिलिमीटरच्या आसपास जाड असते. त्यात पाऊण मिलिमीटरचे बीट सरळ आत न्यायचे तर यंत्राची ड्रिल कामाची नाही, हाताने फिरवायची पिन व्हाइसच लागते. ती मी गुजरीच्या बाजूला सराफी कामाची हत्यारे मिळतात तेथून घेतली. दुकानात बसलेल्या एका वृद्ध कारागिरांना मी बीट सारखे मोडते का असे विचारले, तेव्हा त्यांनी माझ्या खिशातले विमानाचे धड मागून घेतले, नखाने दाबून पाहिले आणि म्हणाले, “मऊ हाय की ह्ये. दाबायचं न्हाई, नुसतं फिरवायचं. बीटाला मेण लावा, आन दोन फेरं झालं की उलटं फिरवून कीस काढा.” मी म्हटले, “मामा, वेळ फार लागतो.” त्यावर ते म्हणाले, “मग लागू दे की. रेल्वे सुटायलीय व्हय तुमची?” मेणाचा हा उपाय अचूक आहे. मऊ धातूचा कीस बीटाच्या खाचांत चिकटून बसतो, बीट अडकते आणि पिळून मोडते. मेणामुळे कीस सुटा राहतो. सर्किट बोर्डासाठी मिळणारी कार्बाइडची बीटे स्वस्त आणि धारदार असली तरी हात जरा तिरका झाला की तुटतात, म्हणून साध्या हायस्पीड स्टीलची बीटे घ्यावीत.

भोक सुरू करण्याआधी सुईने खूण खोल करून घ्यावी, नाहीतर बीट गोल पृष्ठभागावरून घसरते. दुसऱ्या बाजूचे भोक नेमके समोर यावे यासाठी अनेक जण पहिल्या भोकाच्या तोंडाशी रंगाचा ठिपका लावून भाग एकमेकांवर टेकवतात. मी आधी पंखात भोक पाडतो, त्यात टोक तासलेला तारेचा तुकडा अर्धा मिलिमीटर बाहेर राहील असा न चिकटवता बसवतो आणि पंख धडाच्या जागेवर नीट धरून दाबतो. मऊ धातूवर टोकाचा खळगा उमटतो आणि तो रंगासारखा पसरत नाही. भोकाची खोली तारेच्या जाडीच्या निदान चौपट असावी आणि भोक तारेपेक्षा थोडेसे मोठे असावे. त्या मोकळ्या जागेत एपॉक्सी राहतो आणि पंखाचा कोन जुळवायला वाव मिळतो. मुळाशी जागा असेल तर पुढे-मागे अशा दोन तारा घालाव्यात, कारण एकाच तारेवरचा पंख तिच्याभोवती फिरू पाहतो. स्पिटफायरसारख्या विमानाचे पंख सुमारे सहा अंश वर उचललेले असतात, नॅटचे उलट किंचित खाली झुकलेले असतात. तार त्या कोनात आधीच वाकवून घ्यावी आणि जाड पुठ्ठ्याचा कापलेला साचा पंखांखाली ठेवून जोड वाळू द्यावा.

कॅनबेरासाठी मी सुट्या तारा न वापरता एकच लांब तार धडातून आरपार नेतो, म्हणजे खऱ्या विमानातील स्पारप्रमाणे, म्हणजे पंखातल्या मुख्य आडव्या तुळईप्रमाणे, एका पंखाचा भार दुसऱ्या पंखाने तोलला जातो आणि धडाच्या भिंतीवर जोर येत नाही. धड दोन अर्धुकांत आलेले असेल तर ती अर्धुके जोडण्याआधीच या तारेसाठी जागा करून ठेवावी.

तार कोणती, हा भाग मला सर्वांत आवडतो, कारण त्यासाठी परदेशातून काहीही मागवावे लागत नाही. स्टेशनरीच्या दुकानातील यू-क्लिप सरळ केली की मिलिमीटरच्या आसपास जाडीची तार मिळते. ती मोठ्या विमानांना चालते. लहानांसाठी मी तंतुवाद्यांच्या तारा वापरतो. मिरज आपल्यापासून तासाभराच्या वाटेवर आहे आणि तेथील सतारी व तंबोरे देशभर नावाजलेले आहेत. तंबोऱ्याची खर्जाची पितळी तार अर्ध्या मिलिमीटरहून थोडी जाड असते आणि सहज कापता येते. सतारीच्या पोलादी तारा तिच्याहून बारीक आणि फार ताठ असतात. पोलादाचा ताठपणा पितळेच्या जवळजवळ दुप्पट आहे, पण त्याचा पृष्ठभाग इतका गुळगुळीत असतो की गोंदातून तार सरकून बाहेर येते. पॉलिश पेपरने ती आडवी घासून घ्यावी आणि टोकाशी नावापुरता बाक द्यावा. पोलादी तार कापताना उडणारे तुकडे डोळ्यांकडे येतात, तेव्हा चष्मा लावावा, आणि नाजूक कटर त्यासाठी वापरून त्याची धार घालवू नये.

जोड वाळल्यावर धड आणि पंख यांच्यामधील कोपऱ्यात एम-सीलची बारीक वळी दाबून ओल्या बोटाने आतल्या बाजूला गोलाकार करून घेतली तर फट भरते, आणि कोपऱ्यात एकवटणारा ताणही पसरतो. ओतकामात आतले कोपरे नेहमी गोल ठेवतात तेच हे तत्त्व आहे. रेघा मात्र बुजतात. खेळातल्या विमानासाठी मला ती किंमत मोठी वाटत नाही.

पहिल्या महायुद्धातील दुपंखी विमाने हे वेगळेच प्रकरण आहे. जुलै १९१८ मध्ये अवघ्या दोन आठवड्यांत दहा विजय मिळवणाऱ्या इंद्रलाल रॉय यांचे एस.ई.५ए टेबलावर हवे, असा आमच्याकडे आग्रह होता, आणि त्यासाठी ओतून आलेल्या पंखांमधल्या दांड्या पाहिल्यावर त्या मी सरळ बाजूला ठेवल्या. इतक्या बारीक मऊ दांड्यांवर वरचा भरीव पंख तोलणे व्यर्थ आहे. त्यांच्या जागी पोलादी तारेच्या दांड्या घातल्या. आधी धडावरच्या मधल्या चार दांड्या पूर्ण वाळू दिल्या, वरचा पंख पुठ्ठ्याच्या साच्यावर समांतर धरून त्यांच्यावर बसवला, आणि बाहेरच्या दांड्या सर्वांत शेवटी आत सरकवल्या. हा क्रम उलटा केला तर आठही टोके एकाच वेळी भोकांत बसवण्याची कसरत करावी लागते.

स्टँडचा जोड बहुतेकांच्या लक्षात येत नाही, पण पंख मोडण्याचे मूळ पुष्कळदा तेथेच असते, कारण विमान पडते ते स्टँड कलंडल्यामुळे. एक हिशेब मांडून पाहू. ४० ग्रॅमचे विमान ८० मिलिमीटर उंचीवर आहे आणि खाली २० मिलिमीटर त्रिज्येची ६ ग्रॅमची ॲक्रिलिक चकती आहे, काठीचे वजन सोडून देऊ. एकूण गुरुत्वमध्य सुमारे ७० मिलिमीटर उंचीवर येतो आणि स्टँड साधारण १६ अंश झुकले की कलंडते. चकतीखाली लोखंडी वायसर चिकटवून तिचे वजन ६० ग्रॅम केले तर गुरुत्वमध्य ३४ मिलिमीटरपर्यंत खाली येतो आणि कलंडायला ३० अंशांहून अधिक झुकावे लागते. उद्यमनगरातील कोणत्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळणारे दोन-तीन मोठे वायसर एवढा फरक पाडतात.

काठीचे भोक किटमध्ये दिलेल्या जागी डोळे मिटून पाडू नये. विमान आधी चिकणमातीने तात्पुरते जोडून पोलादी पट्टीच्या कडेवर तोलून पाहावे आणि ते जेथे समतोल राहते तेथेच खूण करावी. शेपूट भरीव असलेल्या विमानांत हे ठिकाण कारखान्याने दिलेल्या खुणेच्या बरेच मागे निघते. मी पोटात निओडिमियमचे लहान चकती-चुंबक एपॉक्सीने बसवतो आणि पितळी काठीच्या टोकाला बेअरिंगचा पोलादी छर्रा लावतो. छर्ऱ्यावर विमान हवे तसे कलते करता येते, वळणाचा देखावा खुलतो, आणि कोणाचा हात लागला तर चुंबक सुटून विमान निसटते, त्यामुळे पंखाच्या मुळावरचा ताण वाचतो. हे चुंबक ८० अंशांच्या पुढे तापले की दुबळे होतात, म्हणून ते बसवल्यावर तेथे सोल्डरची इस्त्री नेऊ नये.

रंगकामावर मी येथे फार लिहिणार नाही. धातूवर प्राइमरशिवाय ॲक्रिलिक रंग टिकत नाही आणि गाड्यांसाठी मिळणारा करडा स्प्रे प्राइमर पुरेसा चांगला असतो, एवढे सांगून पुढे जातो. फक्त आपल्या हवामानाचे भान ठेवावे. कोल्हापूरच्या जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत स्प्रेचा थर पांढुरका पडतो आणि वार्निश धुरकट होते, तर झटपट गोंद हवा तेवढा वेळ न देता लगेच धरतो. म्हणून माझ्याकडे पावसाळा हा कानस, ड्रिल आणि एपॉक्सी यांचा हंगाम असतो आणि रंगाचे डबे दसऱ्यानंतर उघडतात.

ठेवण्याच्या बाबतीत, शिसे असलेली विमाने नव्या लाकडाच्या बंद कपाटात ठेवू नयेत. लाकडातून, विशेषतः ओक किंवा प्लायसारख्या प्रकारांतून, निघणाऱ्या आम्लाच्या वाफांनी शिशावर पांढरी भुकटी धरते आणि ती धातू खात जाते. मी प्लास्टिकचे डबे वापरतो आणि त्यांच्या तळाशी लोखंडी पत्रा कापून बसवतो. पोटातल्या चुंबकामुळे विमाने त्याच्यावर आपोआप घट्ट बसतात आणि डबा दुचाकीवर बांधून राजारामपुरीहून कळंब्यापर्यंत नेला तरी एकमेकांवर आपटत नाहीत. डब्यात पंखावर दुसऱ्या कशाचा दाब राहणार नाही हे पाहावे, कारण हे मिश्रधातू सततच्या दाबाखाली नेहमीच्या तापमानालाही हळूहळू वाकतात.

एवढे करूनही एखादा जोड पुन्हा सोडवावा लागतोच, मग तो दुसऱ्याने घाईत जोडलेल्या जुन्या विमानाचा का असेना. झटपट गोंदाचा जोड असेल तर विमान रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवावे. थंडीने गोंद आणखी ठिसूळ होतो आणि हलक्या पिळ्याने सुटतो. राहिलेला थर ॲसिटोनने निघतो, पण त्याआधी त्या जागेचा रंग जाणार हे धरून चालावे. जुनी तार मोडलेली असेल तर तिचे बुंध उपसत बसू नये. शेजारी दोन मिलिमीटर सरकून नवे भोक पाडावे, आणि तेथे नवी तार घालावी.